उद्या तुमच्याशी भांडण आहे

प्रभाकर निखाडे यांना कुणाशी भांडायचं असलं, की ते आदल्या दिवशी त्याच्या घरी पत्रिका पाठवतात. पत्रिका म्हणजे अगदी लग्नाची असते तशी. गुलाबी जाड कागद, वर गणपती, चारही कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं. आत मजकूर असा: 'सप्रेम नमस्कार. उद्या, गुरुवारी रात्रौ ठीक अकरा वाजता आपल्याशी भांडण करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार टीव्हीसमोर बसून आम्हांस उपकृत करावे. समेट शुक्रवारी. समेटानंतर तर्री-पोहे. कृपया आहेर आणू नये.'

ही पत्रिका हातात आली की माणसाची पहिली अडचण होते ती रागवायचं कसं, ही. हळदकुंकू लावलेला कागद फाडवत नाही. फेकवत नाही. शिवी तोंडापर्यंत येते आणि गणपती बघून परत जाते. आहेर आणू नये असं स्पष्ट छापलेलं असूनही एक वैरी स्टीलचा डबा घेऊन आला होता. कुणाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणाला.

निखाडे हे आमच्या नागपुरात रात्री अकराला केबलवर लागणाऱ्या 'झोपले नाही का?' या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक. वय साठीच्या पुढे, अंगावर निळा कोट, मिशी अशी की तीच आधी फ्रेममध्ये येते. गुरुवारी भांडण, शुक्रवारी समेट, हा त्यांचा धंदा वीसेक वर्षं चालू आहे. मी त्यांना काकाजी म्हणते. चार वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे भांडणाचे मुद्दे लिहायच्या कामाला लागले. माझी लायकी एवढीच, की माझे बाबा विणकरांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे आणि मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. 'अन्याय' हा शब्द मला 'अननस'च्या आधी लिहिता येत होता. काकाजींनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून माझं नाव पत्रकबाई ठेवलं.

आमचा स्टुडिओ गांधीबागेत, कापडाच्या एका ठोक दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. दुकानाचं शटर रात्री आठला पडतं, आणि वर जायला दुसरा जिना नाही. त्यामुळे आमची रात्र दुपारी चार वाजता होते. खिडकीवर गडद निळा पडदा, त्यावर टिकल्यांच्या चांदण्या. कॅमेरा, आवाज, दिवे हे सगळं एकटे उमाटेकाका सांभाळतात. ते आधी रातकिड्यांचा आवाज लावतात, मग काकाजी भर दुपारी एक मोठी जांभई देऊन म्हणतात, "काय मंडळी, झोपले नाही का?" त्याच वेळी खाली हमाल कापडाच्या गठ्ठ्यांखालून 'बाजू, बाजू' ओरडत असतात. उमाटेकाका मग रातकिडे थोडे वाढवतात.

काकाजींच्या भांडणांवर शहरात दोन मतं आहेत. काहींना ती बालिश वाटतात, काहींना फारच बालिश. एका गुरुवारी ते म्हणाले की संत्रं म्हणजे नुसती सालं आणि नाव, खरं फळ मोसंबी. शुक्रवारी नरखेड तालुक्यातून अकरा बागाईतदार आले, कुणी मोटारसायकलवर, कुणी एसटीने, प्रत्येकाच्या हातात पिशवी. पण त्यांच्यातले पाच निघाले मोसंबीवाले. स्टुडिओत आल्यावर त्यांचं आपसातच जुंपलं. काकाजी अर्धा तास नुसते बघत बसले, स्वतःच्या लग्नात पंगतीच्या शेवटी बसवल्यासारखे. शेवटी माझ्या कानात म्हणाले, "आपल्या घरी येऊन आपल्यालेच सोडून भांडून राहिले वं हे लोक."

टेंभेकरबाई या निवृत्त मुख्याध्यापिकेने तक्रार केली, की टीव्हीवरच्या माणसाने 'मले-तुले' बोलू नये. काकाजींनी पत्रिका धाडली. बाईंनी ती लाल शाईने तपासून, दहापैकी चार गुण देऊन, स्वतः आणून दिली. भांडण रंगलं. काकाजी म्हणाले, माझी माय मले याच भाषेत मारत होती. बाई म्हणाल्या, मलाही माझी आई याच भाषेत मारायची, म्हणून तर मी दुसरी शिकले. शुक्रवारी दोघांनी पोहे खाल्ले. तेव्हापासून सगळ्या पत्रिका छापायच्या आधी बाई तपासतात.

सर्वांत मोठा वाद झाला तो कूलरचा. यंदाच्या वाळ्याला वासच नाही, असं काकाजींनी कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्या विकणाऱ्या एका दुकानदाराला पडद्यावर सांगितलं. तो गडी अख्खा कूलर घेऊन तीन जिने चढला आणि समेटाच्या दिवशी फुल स्पीडवर लावला. काकाजींचे कागद उडाले, मिशी उडता उडता राहिली, आणि खिडकीवरची आमची चांदणी रात्र धाडकन खाली आली. मागे वैशाखातलं कडक ऊन. सगळ्या नागपूरने रात्री अकरा वाजता काकाजींच्या डोक्यामागे दुपार पाहिली. काकाजींनी मागे वळून बघितलं, पुन्हा कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "आज चंद्र जरा जास्त आहे."

उमाटेकाकांनी तो भाग कापायला हवा होता. ते तेव्हा कूलरसमोर बसले होते आणि त्यांना वर्षातली पहिली चांगली झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी फोनवर फोन. फसवणूक, धूळफेक, प्रेक्षकांचा विश्वासघात. काकाजींना ते सगळं पटलं. त्यांनी स्वतःच्याच पत्त्यावर पत्रिका पाठवली. ती घरी काकूंच्या हातात पडली. त्यांनी ती देवापुढे ठेवली आणि उद्या जेवायला किती माणसं आहेत, एवढंच विचारलं. गुरुवारी काकाजी या खुर्चीतून उठून त्या खुर्चीत बसत स्वतःशी कडाकडा भांडले. शुक्रवारी मात्र समेट होईना. पोह्यांची प्लेट दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये तशीच राहिली. लोक हसले.

मला या सगळ्याचा राग यायचा. एवढा कॅमेरा, एवढं शहर बघतंय, आणि आपण भांडतोय कशावर, तर वाळ्याच्या वासावर? मी फुटपाथवर मुद्दे लिहून नेले, हातमागाच्या बाजारावर लिहून नेले, सफाई कामगारांच्या हातमोज्यांवर तर सात पानं नेली. काकाजी सगळं वाचायचे. एकदा चष्मा काढून म्हणाले, "तत्त्वाचं भांडण चांगलं असते वं. पण ते शुक्रवारपर्यंत मिटत नाही. अन् जे मिटत नाही, ते मी घेत नाही."

मी म्हटलं, मग अशा भांडणाचा उपयोग काय?

"तुले भांडण जिंकाचं असते, पत्रकबाई. मले संपवाचं असते."

मला ते पळपुटेपणाचं वाटलं, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

एक गोष्ट मात्र या हिशेबात बसत नव्हती. दर आठवड्याला आमच्याकडून एक नाही, दोन पत्रिका निघायच्या. एक त्या आठवड्याच्या वैऱ्याला. दुसरी काकाजी दर सोमवारी स्वतःच्या हाताने लिहून टपालात टाकायचे. पत्ता उमरेडचा, नाव वासुदेव पराते. तिचं उत्तर कधी आलं नाही. तरी शुक्रवारी पोह्यांची एक प्लेट जास्त मागवली जायची, रेकॉर्डिंग संपेपर्यंत झाकून ठेवली जायची, आणि मग उमाटेकाका ती खायचे. मी विचारलं तेव्हा काकाजी म्हणाले, "वासू माझा परमनंट वैरी आहे. येईन तो एखाद्या शुक्रवारी." आणि विषय बदलला.

दुसरी न बसणारी गोष्ट म्हणजे हसू. आमच्या कार्यक्रमात काकाजींच्या प्रत्येक विनोदानंतर एक माणूस हसतो. विहिरीवरचा पंप सुरू होतो तसं हसू. आधी दोनदा खोकतं, मग धरतं, मग भरभरून येतं, आणि शेवटी एक उचकी. उमाटेकाकांच्या टेबलावर त्यासाठी एक हिरवं बटण आहे. मला वाटायचं, मोबाइलवरून कुठून तरी उतरवून घेतलं असेल. एक दिवस सहज विचारलं, हा हसणारा कोण?

"वासुदेव," उमाटेकाका म्हणाले. "अजून कोण."

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी कार्यक्रमात दोन खुर्च्या होत्या. काकाजी बोलायचे आणि वासुदेव हसायचे. तेच त्यांचं काम. हातमागावरून उठून दर गुरुवारी उमरेडहून एसटीने यायचे, हसायचे आणि परत जायचे. काकाजींचे जिवलग मित्र. मग एकदा वासुदेव कुणाला न सांगता मुंबईला गेले. तिथे एका मोठ्या चॅनेलवर विनोदी कार्यक्रमासाठी माणसं निवडत होते. वासुदेवांना एकदा तरी स्वतः बोलायचं होतं. त्यांचं दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि सांगितलं, काका, तुम्ही हसता छान. ते परत आले. ही गोष्ट त्यांनी फक्त काकाजींना सांगितली.

त्या गुरुवारी कार्यक्रमाची पाच मिनिटं उरली आणि काकाजींचे मुद्दे संपले. तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. पडद्यावर, सगळ्या नागपूरसमोर, नकला करून. पत्रिकांची पद्धत तेव्हा नव्हती. वासुदेव पोट धरून हसले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी कॉलरचा माइक काढला, वायरची नीट गुंडाळी केली, खुर्चीवर ठेवली आणि जिना उतरले. ते अकरा वर्षं झाली तरी वर चढले नाहीत.

"मग हे हसू?" मी विचारलं.

"जुन्या टेपांवर नवीन भरत होतो ना आपण. त्या दिवसाची तेवढी एकच उरली."

म्हणजे अकरा वर्षं, प्रत्येक विनोदावर, तो माणूस त्याच विनोदाला हसत होता.

माझं डोकं फिरलं. एका कामगाराचा आवाज, त्याच्या अपमानाच्या क्षणी काढून घेतलेला, विनापरवाना वापरला जातोय. मी त्याच संध्याकाळी नऊ कलमांचं मागणीपत्र लिहिलं. हसण्याचा वापर तत्काळ थांबवावा. श्रेयनामावलीत नाव यावं. जाहीर माफी, तीही ठळक अक्षरांत. नववं कलम तर बाबांनी भिंतीवर चिकटवलं असतं. रविवारी ते घेऊन मी उमरेडच्या एसटीत बसले. काकाजींना सांगितलं नाही.

वासुदेव पराते घराच्या पुढच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करतात. माग कधीच गेला. अंगाने काडी, पुढचे दात नाहीत, पाय मशीनवर. मी ओळख सांगितली आणि मागणीपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. ते ऐकत होते आणि मशीन चालूच होतं. नववं कलम मी जरा आवाज चढवून वाचलं, तेव्हा शेजारच्या घरातून एक बाई काय झालं म्हणून डोकावून गेली.

वाचून झाल्यावर ते उठले. खिळ्याला विजेची बिलं ओवतात तसा तारेचा आकडा टांगला होता. त्यात गुलाबी पत्रिकाच पत्रिका. खालच्या पत्रिका उन्हाने पांढऱ्या पडलेल्या, वरची याच आठवड्याची.

"दर बुधवारी येते," ते म्हणाले. "पोस्टमनले वाटते, या पराते बुढ्याच्या नात्यात लगनंच सरत नाही."

मी म्हटलं, मग तुम्ही एकदाही गेला कसे नाही?

"तो मले भांडाले बोलावते. मी भांडलो कुठं त्याच्यासंग? मी त हासलो होतो." ते पुन्हा मशीनशी बसले. "तुझ्या कागदातलं बराबर आहे, पोरी. पण ते तुझं आहे. माझं एकच आहे, अन् ते त्याले समजाले पाह्यजे."

माझ्या पिशवीत कोऱ्या पत्रिका कायम असतात. त्यांनी एक मागून घेतली, चष्मा पुसला आणि पाऊण तास लावून चार ओळी लिहिल्या. आत जाऊन देवघरातून कुंकू आणलं आणि चारही कोपऱ्यांना बोट लावलं. मला म्हणाले, वाचू नको. मी बस उमरेडच्या बाहेर पडेपर्यंत वाचली नाही.

'सप्रेम नमस्कार. येत्या गुरुवारी आपल्याशी भांडण करण्याचे योजिले आहे. विषय: त्या गुरुवारी पत्रिका नव्हती. समेटाचे नक्की नाही. पोहे मऊ असावेत, दात पडले आहेत.'

काकाजींना पत्रिका दिली तेव्हा ते मिशीला कात्री लावत होते. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. इतक्या वर्षांत शेकडो पत्रिका पाठवलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणी पत्रिका पाठवली होती. ते उभ्याने वाचत राहिले. मग कोपऱ्यावरच्या बोटाच्या ठशाकडे बघून विचारलं, "हे कुंकू त्यानंच लावलं?"

मी म्हटलं, हो.

पुढचे तीन दिवस माणूस नुसता घाबरलेला. मुद्दे लिहून दे म्हणाले. याला मुद्दे नाहीत काकाजी, मी सांगितलं. मग एखादं पत्रक तरी लिही, म्हणाले. टेंभेकरबाईंकडे जाऊन आले. बाईंनी त्या पत्रिकेला दहापैकी दहा दिले आणि परत पाठवलं. बुधवारी पोहेवाल्याकडे जाऊन, मऊ म्हणजे नेमके किती मऊ, यावर अर्धा तास घालवला. एका बाजूला मिशी थोडी जास्त कापली गेली होती, ती त्यांच्या लक्षातही आली नाही.

गुरुवारी वासुदेव दोन वाजताच आले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. दर मजल्यावर थांबत वर चढले आणि थेट दुसऱ्या खुर्चीत बसले. उमाटेकाकांनी माइक लावून दिला. रातकिडे सुरू झाले. काकाजींनी जांभई दिली, झोपले नाही का विचारलं, आणि सवयीने एक विनोद केला, काहीतरी एसटीच्या सीटवरून. उमाटेकाकांचा हात हिरव्या बटणाकडे गेला. काकाजींनी मानेने नाही म्हटलं.

शांतता. वासुदेव स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते.

काकाजींनी दुसरा विनोद केला. शांतता. तिसरा अर्ध्यातच सोडला. त्या स्टुडिओत विनोदानंतर काही ऐकू येत नाही, हे मी पहिल्यांदाच अनुभवत होते. खालचे हमालसुद्धा गप्प झाल्यासारखे वाटले.

मग वासुदेव म्हणाले, "पत्रिका काहून नव्हती देली?"

"पाच मिनिटं उरली होती," काकाजी म्हणाले. "माझ्याजवळ काहीच नव्हतं. तू होता." मिशीची लांब बाजू त्यांनी दोनदा ओढली. "चुकलो मी, वासू."

वासुदेवांनी कॉलरचा माइक सरळ केला.

"एक विचारू? त्या दिवशी तू खरंच हासला होता का? मी ते टेप अकरा वर्षापासून ऐकून राहिलो. दर वेळेस वाटते, आता समजन. नाही समजत."

वासुदेवांनी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. वेळ संपत आली. काकाजी दुसरं काय करणार, ते कॅमेऱ्याकडे वळले, डोळे किलकिले केले आणि अत्यंत झोपाळू आवाजात म्हणाले, शुभ रात्री नागपूर, दिवे बंद करा, आता सगळे झोपा. त्याच क्षणी खालून एक हमाल खच्चून ओरडला, "साडेचार झाले बे, जेवाले कधी सोडता?"

वासुदेवांचे खांदे हलायला लागले. आधी आवाजच नाही. मग पडलेल्या दातांतून कुकरच्या शिट्टीसारखी बारीक शीळ. पंप नाही, खोकला नाही, उचकी नाही. थांबायचं म्हणून तोंडावर हात धरला, तर बोटांतून शीळ. डोळ्यांतून पाणी आलं, शर्टाच्या बाहीने पुसलं, पुन्हा आलं.

काकाजी हसत नव्हते. मान खाली घालून ते नुसतं ऐकत होते.

"हे तुझं खांदे हलवून हासणं मी विसरूनच गेलो होतो," ते म्हणाले. "ते टेपच डोक्यात बसलं." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे त्या दिवशी नव्हता हासला."

"नाही," वासुदेव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वासुदेव पुन्हा आले. पोहे तर्रीत इतके भिजवलेले की चमच्याने प्यावे लागले. दोघांनी एकाच प्लेटीतून खाल्ले, तरी ती जास्तीची प्लेट उमाटेकाकांच्या वाट्याला आली नाही. वासुदेवांनी तीही संपवली. उमाटेकाकांनी ते अजून मनावर घेतलेलं आहे.

हिरवं बटण आता नाही. काकाजींनी ती टेप उमाटेकाकांकडून पुसून घेतली. प्रत्येक विनोदानंतर आमच्याकडे आता दोन श्वासांची शांतता असते. प्रेक्षकांचे फोन येतात, तुमचा तो हसणारा माणूस मेला का, विचारतात. माझी नऊ कलमं पिशवीत तशीच आहेत. त्यातलं श्रेयनामावलीचं तेवढं मी लावून धरलं आणि जिंकले. कार्यक्रमाच्या शेवटी आता वासुदेव पराते यांचं नाव येतं, ते आलेले नसले तरी.

उमरेडची एसटी वेळेवर मिळाली तर एखाद्या गुरुवारी ते येतात. दुसऱ्या खुर्चीत बसतात. काकाजी विनोद करतात आणि त्यांच्याकडे बघतात. बहुतेक विनोदांना वासुदेव हसत नाहीत, सरळ समोर बघत बसतात. त्या दिवशी काकाजी इतके खूश असतात, की जिना उतरताना मला धरून पुन्हा पुन्हा सांगतात, "पाहिलं का वं पत्रकबाई? नाही हासला तो."